शेटे बाईंचा कोंडवाडा

आमच्या शाळेत पत्र्याचा एक डबा होता. बिस्किटांचा, चौकोनी, झाकणावरचं चित्र घासून घासून गेलेलं. त्या झाकणावर शेटे बाईंनी लाल ऑइलपेंटनं ठसठशीत लिहिलं होतं : कोंडवाडा. दुसऱ्याच्या रानात तोंड घालणारं मोकाट जनावर जसं गावच्या कोंडवाड्यात जातं, तसा वर्गात वाजलेला किंवा सतरंजीखाली चमकलेला फोन या डब्यात जायचा. आणि दंड भरल्याशिवाय जनावर सुटत नाही, तसा फोनही सुटायचा नाही. दंड होता एक चित्र. पोरानं आपल्या वहीत स्वतःच्या डोळ्यानं पाहिलेली एखादी गोष्ट काढायची, बाईंना दाखवायची, कुठं पाहिली ते सांगायचं आणि फोन घेऊन जायचं. मी तीन वर्षं त्या नियमाला हसलो. आता तो डबा माझ्या घरी माळ्यावर पडलाय. टाकवत नाही आणि बघवतही नाही.

शाळा आमची जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक : महानंदा शेटे बाई आणि मी. नेकनूरच्या पुढं फाट्यावर उतरून आत चालत यावं लागतं. मी नेकनुरातच राहतो, मोटारसायकलवर दहा मिनिटांत पोचायचो. बाई बीडहून एसटीनं यायच्या. माहेर आणि सासर दोन्ही बीडच्या पेठेतलं, दोन्हीकडं दुकानदारी. कपाळावर विभूतीचं बोट, गळ्यात लिंग, हातात नायलॉनची पिशवी. फाट्यापासून त्या चालत निघाल्या, की सरपंच हटकून गाडी थांबवायचे, ‘बसा की बाई’ म्हणायचे. बाईंचं उत्तर ठरलेलं.

‘तुमी व्हा पुढं. मला बघत बघत यायचंय.’

बघत बघत म्हणजे वेचत वेचत. साळुंकीचं पीस, बाभळीची शेंग, सापाची कात, फुटक्या बांगडीचा तुकडा, कुणाच्या तरी चपलेचा तुटलेला अंगठा. सगळं त्या पिशवीत. वर्गात आल्या, की टेबलावर ओतायच्या आणि विचारायच्या, ‘हे तिथं कसं आलं असंल?’ वस्तूचं नाव सांगणाऱ्याला शाबासकी नाही. चपलेचा अंगठा कुणाचा, तो माणूस कुठं चालला होता, मग पुढं अनवाणी गेला का, हे सांगणाऱ्याला शाबासकी. माझ्या वर्गातली पोरं मधल्या भिंतीला कान लावून बसायची आणि माझे पाढे राहायचे बाजूला.

त्यांचं एक बोलणं गावात सगळ्यांना पाठ होतं. ‘डोळ्यानं बघितलेलं हाताला सांगा रे. डोळा इसरतो, हात इसरत न्हाई.’

हाताला सांगण्यासाठी वह्याही त्यांनीच शिवलेल्या. बीडला कोर्टासमोर झेरॉक्सवाल्यांकडं पाठकोऱ्या कागदांचे गठ्ठे निघतात. ते आणायचे, दाभणानं शिवायचे, दर पोराला एक वही. एका बाजूला कुणाचं तरी प्रतिज्ञापत्र, दुसऱ्या बाजूला आमच्या पोरांची शेळी. रेघा मारलेली वही बाईंना चालायची नाही. म्हणायच्या, रेघ दिसली की पोराचा हात भितो.

त्यांना राग आला, की त्या ओरडायच्या नाहीत. उलट पोराला मान द्यायला लागायच्या. ‘या, बसा किसनराव. काय हुकूम?’ असं ऐकू आलं, की अख्खा वर्ग गार. एरवी ‘आरं बाळा’, ‘गं चिमणे’. राग आला की ‘राव’ आणि ‘बाई’. आणि एकदा ‘न्हाई’ म्हणल्या, की ब्रह्मदेव खाली आला तरी ते ‘हो’ होणार नाही. हा त्यांचा गुण आम्ही सगळे कौतुकानं सांगायचो. हो, गुणच म्हणायचो.

माझं आणि त्यांचं वाकडं होतं ते टीव्हीवरून. गावातून वर्गणी जमवून मी शाळेत भिंतीएवढा टीव्ही बसवला होता. त्याच्या आधी टाळेबंदीत घरोघर फिरून ‘पोरांना फोन घ्या, अभ्यास त्यावर येतोय’ असं सांगणाराही मीच. अभ्यास आला दोन महिने, फोन राहिला कायमचा. पण टीव्हीचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू? शेवटी आमच्यात तह झाला. अर्धा तास माझा टीव्ही, अर्धा तास बाईंची पाठकोरी वही.

एकदा टीव्हीवर मुंग्यांचा धडा लावला होता. फार सुंदर फिल्म होती, मुंगीचे डोळे बशीएवढे दिसत होते. मी कार्यालयातून परत येऊन बघतो, तर वर्गात एक पोर नाही, टीव्ही रिकाम्या सतरंज्यांना शिकवतोय, आणि दारात केंद्रप्रमुख उभे. पोरं मागच्या लिंबाखाली पालथी पडलेली, बाईही पदर खोचून त्यांच्यात.

‘बाई, टीव्ही चालू ठेवून इकडं काय करायलात?’ साहेबांनी विचारलं.

‘साहेब, त्यात मुंगी चावत न्हाई,’ बाई न उठता म्हणाल्या. ‘हिथं चावती.’

साहेब हसले आणि गेले. मी चार दिवस बाईंशी बोललो नाही. पण त्या दिवशीची मुंग्यांची चित्रं मी बघितली आणि गप बसलो. एका पोरीनं नुसता सुजलेला अंगठा काढला होता.

नक्कल हे त्यांचं खरं दुखणं. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, बाजूला नारळ, हे चित्र काढणाऱ्या पोराला त्या उठवून दारात न्यायच्या. ‘दाव मला ह्यातला नारळ कुठं हाय ते.’ बरं, हा डोंगर फोनच्या आधीपासूनचा, तो आम्हीही काढत आलो. फोन आल्यावर डोंगर गेला आणि मोठ्या डोळ्यांचं मांजर आलं. सगळ्या वह्यांत तेच मांजर, त्याच रिबिनीचं. कोंडवाडा निघाला तो त्या मांजरामुळं.

पहिल्या आठवड्यात किसनचा फोन त्यात गेला. दंड म्हणून त्यानं कोरं पान पुढं केलं.

‘काय काढलं हे?’

‘काहीच न्हाई, बाई. घरून शाळेपर्यंत मी फोनमधीच बघत आलतो. काहीच दिसलं न्हाई.’

मला वाटलं, आता हा ‘किसनराव’ होणार. बाईंनी पान हातात घेऊन बराच वेळ बघितलं. ‘हे खरं हाय,’ म्हणाल्या आणि फोन देऊन टाकला. खरं बोलण्याला कोंडवाड्यात अशी किंमत होती. पोरांना ते पक्कं कळलं होतं, की बाईंपुढं चित्र वाकडं चालेल, पण कुठं पाहिलं ते खोटं सांगायचं नाही. माझाही फोन दोनदा आत गेला. मी एसटीचं चित्र काढलं, तर म्हणाल्या, ‘सर, कंडक्टरला मान न्हाई का तुमच्या गाडीत?’

कावेरी याच वर्गातली. चौथीत होती. घर गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठच्या वस्तीवर. आईबाप ऊसतोडीला जाणारे. दिवाळी झाली, की आमचं अर्धं गाव कारखान्याला जातं, पोरंही जातात, आणि माझ्या हजेरीपटावर नुसत्या फुल्या राहतात. कावेरीही दरसाल जायची. तिसरीत असताना परत आली तेव्हा तिनं बैल काढला होता, तोही मागून. शेपूट, दोन मांड्या, जू, आणि पलीकडं शिंगांची नुसती टोकं. बाईंनी ती वही दोन्ही वर्गांत फिरवली. ‘बघा रे! गाडीत बसणाऱ्याला बैल मागूनच दिसतो. हिनं दिसला तसा काढला.’ त्या दिवशी बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. पंचवीस वर्षांत असा हात बघितला न्हाई, असं मला म्हणाल्या.

पुढच्या दिवाळीला बाई स्वतः वस्तीवर गेल्या. मीही सोबत होतो. कावेरीची आई सत्यभामा भांडी पोत्यात भरत होती. आजोबा, त्यांना सगळे आबा म्हणायचे, कानानं अगदीच गेलेले, ओसरीला बसून होते.

‘पोरीला ठेवा हिथं,’ बाई म्हणाल्या. ‘आबापुरती भाकरी येतीच तिला करायला. तिचा हात लई चांगला हाय. दरसाल अर्धी शाळा बुडली, तर फुकट जाईल.’

सत्यभामानं हातातलं पातेलं पोत्यात घातलं. मग म्हणाली, ‘ठेवते बाई. पर रोज तोंड दिसलं पाह्यजे. त्याबिगर मला घास जायचा न्हाई.’

वस्ती खोलगट, तिथं रेंजचा पत्ता नाही. शाळा माळावर, तिथं चांगली. मग ठरलं असं, की आई एक फोन घेऊन देईल, कावेरीनं तो शाळेत आणायचा, मधल्या सुट्टीत बोलायचं. बाईंनी कबूल केलं. निघताना सत्यभामानं बाईंचा हात धरला. ‘लेकरू तुमच्या भरवशावर टाकून चाललेय.’

‘माझ्या भरवशावरच,’ बाई म्हणाल्या.

आणि चाललंही नीट. दीड वाजला, खिचडी झाली, की कावेरी लिंबाखाली फोन लावून बसायची. पलीकडं सत्यभामा तोंड जवळ आणून बोलायची, मग फोन फिरवून कोपी दाखवायची, म्हणजे त्यांची उसाच्या पाचटाची खोपी. चूल दाखवायची, बैलं दाखवायची. कावेरी इकडून वही दाखवायची. पण हळूहळू पोरीच्या वहीतून आमचं गाव नाहीसं झालं. वहीत नुसती कोपी, चूल, फड, पाचट. बाईंना ते खुपायला लागलं.

‘हे फोनमधलं हाय,’ त्या मला म्हणाल्या. ‘पोरगी जे समोर हाय ते बघतच न्हाई.’

‘अहो बाई, आई हाय तिची त्यात. मांजर न्हाई.’

‘आई असंल. पर फोन तेवढा चौकोन दावतो, सर. चौकोनाच्या भायेर काय हाय ते कसं कळावं? एकाला सूट दिली, की उद्या सगळे मांजर घेऊन येतील.’

मी वाद सोडून दिला. आता वाटतं, चौकोनाचं त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण चौकोनाच्या आत जे दिसत होतं, तेही आम्ही कुणी नीट बघितलं नाही.

संक्रांतीनंतरचा शनिवार होता. सकाळची शाळा. बाई फळ्याकडं तोंड करून होत्या आणि सतरंजीवर काहीतरी घरघरलं. कावेरीनं गुडघ्यात मान घालून फोन घेतला आणि पुटपुटायला लागली. दार उघडं होतं, मला सगळं दिसत होतं. बाई वळल्या.

‘आणा इकडं, कावेरीबाई.’

‘बाई, एकच मिनिट...’

‘मधल्या सुट्टीचं ठरलं होतं आपलं. आणा.’

फोन डब्यात गेला. पोरीनं वही घेतली आणि कोपऱ्यात जाऊन काढायला बसली. तास दीड तास मान वर केली नाही. शाळा सुटायच्या वेळेला पान घेऊन उभी राहिली. मीही वाकून बघितलं. चित्र असं होतं, की मी खरोखर थबकलो. कोपीचं गोल तोंड, काळं. त्या काळ्यात एक बाई बसलेली, डोकं कुडाला टेकलेलं, एक हात जमिनीवर आणि एक हात पोटावर. बाजूला कोयता उभा टेकवलेला.

बाईंनीही पुष्कळ वेळ बघितलं. मग नेहमीचं विचारलं, ‘कुठं पाह्यलंस हे?’

पोरीला खोटं सांगता आलं असतं. दरसाल ती कारखान्याला गेली होती, कोपीत राहिली होती, ‘तिथं पाह्यलं’ म्हणली असती तर विषय संपला असता. पण ती बाईंची पोरगी होती.

‘फोनमधी,’ ती म्हणाली. ‘आज सकाळी.’

‘मग न्हाई चालायचं. हा दंड न्हाई झाला. आता सोमवारी. येता-जाता डोळ्यानं बघा काहीतरी अन् काढून आणा.’

कावेरीनं ओठ दाबले. ‘बाई...’ एवढंच म्हणाली. आम्हाला नंतर कळलं, की आईनं तिला बजावलं होतं, पोट दुखतंय ते कुणाला बोलू नको, आबाच्या जिवाला घोर लागंल. बाईंनी ती वही आणि डबा कपाटात ठेवला, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि गाडी चुकेल म्हणून भरभर फाट्याकडं निघाल्या.

मी मागं थांबलो. माहिती भरायची होती, ऑनलाइन, वरून तगादा होता. खोलीत मी आणि माझा लॅपटॉप. साधारण बाराच्या सुमाराला कपाटात फोन वाजायला लागला. पत्र्याच्या डब्यात, लोखंडी कपाटात, दणदण आवाज. थांबला. परत वाजला. मी वैतागून बाहेर आलो, तर पायरीवर कावेरी बसलेली. घरी गेलीच नव्हती.

‘सर, आईचाय,’ ती म्हणाली.

‘किल्ली बाईंकडं हाय गं. सोमवारी बोल.’

‘सर, लई येळा वाजला.’

‘वाजू दे. जा घरी, आबा उपाशी असंल.’

कुलूप तोडता आलं असतं. तेही जाऊ द्या, बाईंना फोन करता आला असता. बाईंचा साधा बटनांचा फोन, तो पिशवीच्या तळाशी, निम्म्या वेळा बंद. पण लावून तर बघता आलं असतं. मी लावला नाही. त्यांच्या शिस्तीत आपण कशाला तोंड घाला, असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर, माझी माहिती अर्धी राहिली होती. दोनला मी शाळा बंद केली. पोरगी पायरीवरच होती. मी गाडीला किक मारली तेव्हाही आत फोन वाजत होता.

रविवारी दुपारी, तोडीची टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या घरी कारखान्यावरून फोन आला. सत्यभामा सकाळी गेली. शनिवारी दुपारी दवाखान्यात नेलं होतं, संध्याकाळपर्यंत शुद्धीवर होती, बोलत होती. तिला स्वतःलाही एवढं होईल असं वाटलं नसावं, नाहीतर गावात दुसऱ्या कुणाकडं तरी निरोप दिला असता. तिला नुसतं पोरीचं तोंड बघायचं होतं.

सोमवारी मी फाट्यावर जाऊन उभा राहिलो. बाई एसटीतून उतरल्या, मला बघून हसल्या. ‘काय सर, आज लई लवकर?’ मी सांगितलं. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग एकच विचारलं.

‘शनिवारी फोन वाजला होता का?’

‘न्हाई,’ मी म्हणालो.

कसं तोंडातून गेलं, देवाला ठाऊक. त्यांना वाचवायला खोटं बोललो की स्वतःला, ते मला आजही सांगता येत नाही.

त्या दिवशी पहिल्यांदा बाई माझ्या गाडीवर बसून शाळेत आल्या. वाटेत काही बघितलं नाही. कपाट उघडलं, फोन बंद पडला होता. चार्जिंगला लावला. थोड्या वेळानं उजेड आला आणि एकामागून एक टुण टुण वाजायला लागलं. बाईंनी चष्मा लावून एकेक वेळ वाचली. बारा, सव्वाबारा, साडेबारा, एक, दीड, पावणेदोन, पुढंही बरेच. मग चष्मा काढून माझ्याकडं बघितलं.

‘दोनपर्यंत तुमी हिथंच होता ना, सर?’

मी मान खाली घातली. त्या फोन घेऊन उठल्या. बोलल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या, तर फार बरं झालं असतं.

आम्ही वस्तीवर गेलो. अंगणात माणसं बसलेली. आबा भिंतीकडं तोंड करून होते. कावेरी तुळशीच्या कट्ट्याला टेकून उभी, डोळे कोरडे. बाईंनी दोन्ही हातांनी फोन पुढं केला. पोरीनं हात पुढं केला नाही.

‘घे गं चिमणे.’

‘मी दंड भरला न्हाई, बाई,’ कावेरी म्हणाली.

तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. नऊ-दहा वर्षांचं लेकरू, नियम पाळत होतं. बाई उभ्या होत्या तिथंच खाली मातीत बसल्या. बायका धावल्या, कुणी पाणी आणलं. शेवटी फोन पोरीच्या बापानं घेतला, तो रात्रीच कारखान्यावरून आला होता. बाईंनी त्याला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तो म्हणाला, ‘तुमचं काय चुकलं, बाई. आम्हाला तरी कुठं कळलं?’ गावातही कुणी बाईंना बोललं नाही. शिक्षिका चांगली, पोरांच्या भल्यासाठीच करते, हेच सगळ्यांच्या तोंडी. मला तर कुणी विचारलंही नाही.

परत येताना चढावर थांबून बाई म्हणाल्या, ‘तिनं हात पोटावर काढला होता, सर. मी बघितलं. चांगला दोन मिनिटं बघितला. अन् विचारलं काय, तर कुठं पाह्यलंस. आई अशी का बसलीय, हे विचारायचं होतं.’ थोडं पुढं गेल्यावर परत म्हणाल्या, ‘चपलेच्या अंगठ्याला विचारत होते मी, तू हिथं कसा आलास म्हणून. आयुष्यभर पोरांना तेच शिकवलं.’

दहावा झाला आणि कावेरीचा बाप तिला घेऊन परत कारखान्याला गेला. कोपीत भाकरी करायला कुणीतरी पाहिजे. आबाला त्यांच्या लेकीनं नेलं. हजेरीपटावर कावेरीपुढं मी फुल्या मारायला लागलो. पुढच्या वर्षी ती पाचवीला कुठंच दाखल झाली नाही.

बाईंनी डबा माझ्या टेबलावर आणून ठेवला. ‘हा तुमी ठेवा. अन् टीव्ही लावा.’

‘अर्धा तासच ना, बाई?’

‘दिवसभर लावा.’

मी तीन वर्षं ज्यासाठी भांडलो, ते असं मिळालं. टीव्ही चालायचा, पोरं तोंड उघडी टाकून बघायची, बाई खिडकीशी बसायच्या. पिशवीत आता जेवणाचा डबा आणि पाण्याची बाटली, बाकी काही नाही. सरपंचाच्या गाडीवर मुकाट बसायच्या. एकदा किसननं चपलेचा तुटका बंद आणून त्यांच्यापुढं धरला आणि विचारलं, ‘बाई, हा तिथं कसा आला असंल?’ बाईंनी तो घेतला, टेबलाच्या खणात टाकला आणि म्हणाल्या, ‘जा, बस जाग्यावर.’ मला त्या टीव्हीचा आवाज सोसेना. एक दिवस मीच तो बंद केला आणि पोरांना लिंबाखाली नेलं, पण मला ते जमत नाही. मी मुंगी दाखवतो, पोरं मुंगी बघतात, संपलं.

नोकरी दोन वर्षं शिल्लक होती, तरी मे महिन्यात बाईंनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. निरोपाचा नारळसुद्धा घेतला नाही.

त्यानंतर एकदाच भेटल्या. जिल्हा परिषदेत काम होतं म्हणून मी एसटीनं बीडला गेलतो, मोटारसायकल नादुरुस्त होती. काम उरकून दुपारी स्टँडवर आलो, तर नेकनूरच्या फलाटाशी बाकावर शेटे बाई. वाळल्या होत्या. कपाळावरचं विभूतीचं बोट तेवढं तसंच होतं. मी नमस्कार केला, शेजारी बसलो.

‘कुठं निघालात, बाई?’

‘कुठंच न्हाई. सवय झाली, सर. गाडीच्या वेळेला पाय इकडंच येतात.’

त्यांच्या हातात नवा मोठा फोन होता. बटनांचा गेला होता. मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, ‘कावेरीच्या बापाकडून नंबर घेतला. फोन तिच्यापाशीच असतो म्हणे. मी रोज लावते, दीड वाजता. मधल्या सुट्टीला.’

‘बोलती का?’

‘रिंग जाती. उचलत न्हाई.’

मला वाटलं म्हणावं, की आता सोडा बाई, लेकरू विसरेल. पण कोणत्या तोंडानं म्हणणार? दीड वाजला. बाईंनी पिशवीतून कावेरीची पाठकोऱ्या कागदांची वही काढली. कडा मळलेल्या, एका बाजूला कुणाचंतरी जमिनीचं प्रकरण. त्यातलं ते पान उघडलं आणि फोनच्या पुढं दोन बोटांनी ताणून धरलं. फोन दुसऱ्या हातात. पडद्यावर त्यांचं तोंड नव्हतंच. पडद्यावर कोपी होती, काळं दार, कुडाला टेकलेली बाई, पोटावरचा हात.

‘हे कशाला, बाई?’

‘उचललाच एखाद्या दिवशी, तर आधी हे दिसावं तिला. माझं तोंड नको.’

रिंग जात राहिली, आपोआप बंद झाली. बाईंनी परत लावला. एवढ्यात माझी गाडी लागली, कंडक्टर ओरडायला लागला. मी उठलो, पण पाय निघेना.

‘तुमी व्हा पुढं, सर,’ बाई फोनवरची नजर न काढता म्हणाल्या. ‘रिंग चालू हाय.’

मी खिडकीशी जागा धरली. गाडी मागं सरली, मग वळली. बाकावर बाई तशाच बसल्या होत्या, आणि पान खाली जाऊ नये म्हणून त्यांनी वहीला हनुवटीचा टेकू दिला होता.